बॅगेचं वजन सांगता, तशी तिथली रीतही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतल्या परदेशी सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात रोज दिसू लागल्या आहेत. बुकिंगची गडबड सुरू असतानाच हे पत्र छापलंत तर त्याचा काही उपयोग होईल, असं वाटतं.

मी निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी मी, माझे पती आणि माझ्या जाऊबाई अशी आम्ही तिघं कोल्हापुरातून निघालेल्या एका सहलीबरोबर इटलीला जाऊन आलो. एकूण छत्तीस माणसं, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली. निघायच्या आठ दिवस आधी एका हॉलमध्ये सगळ्यांची बैठक झाली. चांगली दीड तास चालली. बॅग किती किलोची चालेल, धपाटे आणि चिवडा कुठल्या बॅगेत भरायचा, रात्री वरण-भात मिळेल का, सिमकार्ड कुठलं घ्यायचं, सगळं बोलून झालं. तिथली माणसं कशी वागतात, कशानं दुखावतात, यावर एक वाक्य नाही. मी उभी राहून विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, काळजी करू नका, आमचा माणूस सोबत आहे."

फ्लॉरेन्समध्ये त्या उत्तराची किंमत कळली. तिथल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असल्याशिवाय आत सोडत नाहीत. आमच्यातले अकरा पुरुष हाफ पँट घालून आले होते, त्यांत माझे पतीही होते. ऊन कडक, रांग लांबलचक. तासभर उभं राहून दारापाशी पोचलो, तेव्हा तिथल्या रखवालदारानं काही न बोलता फक्त गुडघ्याकडे बोट केलं. आमच्यातल्या एकानं आवाज चढवला, "पैसे भरल्यात की आम्ही!" मागची सगळी रांग बघत होती. रखवालदार शांतपणे पुन्हा गुडघ्याकडेच बोट दाखवत राहिला. अकराजण बाहेर राहिले. माझे पती समोरच्या पायरीवर बसून होते. मी आत जाऊन आले, पण खरं सांगते, वर घुमटाकडे बघताना माझं लक्ष दाराकडेच होतं.

हेच आपल्याकडे उलटं करून बघा. अंबाबाईच्या महाद्वारातून कुणी पायताण घालून आत निघाला, तर आपण त्याला जाऊ देऊ का? त्यानं पैसे भरल्याचं सांगितलं तर ऐकून घेऊ का? शुक्रवारी पालखी निघते तेव्हा बाहेरगावची माणसंसुद्धा बाजूला सरून हात जोडतात. त्यांना कुणी दंड करत नाही, पण शेजारचा कुणीतरी हळूच सांगतो आणि ती ऐकतात. तिकडे आपल्याला असं हळूच सांगणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

कॉफीचंही तसंच. इटलीत काउंटरपाशी उभ्यानं कॉफी प्यायची रीत आहे आणि ती स्वस्त पडते. टेबलावर बसलात की दर वाढतो. बऱ्याच खाणावळींत माणशी 'कोपेर्तो' म्हणून वेगळी रक्कम बिलात लागते, आणि ती मेनूकार्डावर लिहिलेली असते. आम्ही वीसजण टेबलं जोडून बसलो, जोरजोरात गप्पा मारल्या आणि बिल आल्यावर फसवलं म्हणून भांडलो. ते बिल आणणारी मुलगी माझ्या नातीएवढी होती. तिचे डोळे भरून आले होते. तिनं मेनूकार्डाच्या तळाची ओळ बोटानं दाखवली, तेव्हा आमच्या बाजूनं कुणीच काही बोललं नाही. माफीही कुणी मागितली नाही. मीही नाही. ते मला अजून सलतं.

याच फ्लॉरेन्सशी कोल्हापूरचं नातं आहे, म्हणून तर मला जास्तच लागलं. आपले छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या काळी तिथे मृतदेह पुरण्याचीच रीत होती, दहन फारसं कुणी पाहिलेलंही नव्हतं. तरी शहरानं खास परवानगी दिली. आपल्या धर्माप्रमाणे संगम हवा, म्हणून आर्नो आणि मुन्योने या नद्या जिथे मिळतात तिथे, कॅशिने बागेच्या टोकाला, महाराजांना अग्नी दिला गेला. पुढे 1874 मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यावरची छत्री इंग्रज वास्तुरचनाकार मेजर मँट यांनी आखली. आपला न्यू पॅलेसही त्यांनीच आखलेला. जवळच्या पुलाचं नावही तिथले लोक 'इंदियानो', म्हणजे भारतीय, यावरूनच घेतात.

हे स्मारक आमच्या कार्यक्रमात नव्हतं. आम्ही तिघं टॅक्सी करून गेलो. दुपारची वेळ, बाग मोठी, माणसं तुरळक. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्याला पागोटं. जाऊबाईंनी चपला काढल्या, आम्हीही काढल्या आणि हात जोडून उभे राहिलो. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून आले. आम्हाला पाहून ते उतरले, सायकल हातात धरून चालत पुढे गेले आणि वीस-पंचवीस पावलांवर जाऊन पुन्हा सायकलवर बसले. आमचा देव कोण, राजा कोण, त्यांना काय ठाऊक? पण आम्ही कशासमोर तरी उभे आहोत, एवढं त्यांनी ओळखलं.

काहीजण म्हणतील, आपण आपली संस्कृती का सोडायची? कुणी सोडा म्हणतंय? मी पंधरा दिवस साडी नेसले, कुंकू लावलं, मांसाहाराला हात लावला नाही. एकाही माणसानं त्यावरून कपाळाला आठी घातली नाही. आठी पडली ती आपल्या आवाजाला, रांग मोडण्याला आणि नाश्त्याच्या टेबलावरून डबे भरून नेण्याला.

काही ठिकाणी तर नुसत्या आठीवर भागत नाही. दुबईला मुलाकडे जाणाऱ्या कितीतरी आया डंकावर कुटलेली वर्षाची चटणी आणि पांढऱ्या रश्श्याचं वाटण प्रेमानं बांधून नेतात. त्या दोन्हींत बहुतेक घरी खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यावर कायद्यानं बंदी आहे आणि हा अमली पदार्थांचा मामला धरतात. आपल्या घरी जी चव आईच्या हाताची, ती तिथल्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते. बैठकीत दोन मिनिटांत सांगून होण्यासारखी ही गोष्ट आहे.

थायलंडमध्ये राजघराण्याचा अपमान केला तर तीन ते पंधरा वर्षं तुरुंगवासाची शिक्षा आहे. तिथे थट्टेतही काही बोलू नये. जपानमधल्या क्योटो शहराच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्या 2024 पासून पर्यटकांना बंद झाल्या, कारण लोक गेइशांच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक नाच-गाणं करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावत होते. आपल्या वाड्याच्या सोप्यात असं कुणी घुसलं असतं तर?

बालीचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे शक कालगणनेचं नवं वर्ष 'न्येपी' म्हणून पाळतात. 2023 साली ते आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, 22 मार्चला आले. आपण गुढी उभारून ढोल-ताशा वाजवतो. तिकडे अख्खं बेट चोवीस तास गप्प असतं. दिवे मंद, रस्ते ओस, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचं नसतं. ज्याला हे आधी कळलं, त्याला आयुष्यभर आठवेल असा एक दिवस मिळतो. ज्याला कळलं नाही, तो हॉटेलच्या काउंटरवर भांडत बसतो.

म्हणून शहरातल्या सगळ्या सहल आयोजकांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. बॅगेच्या वजनाबरोबर त्या देशाच्या रीतीभातींचा एक मराठी कागद प्रत्येकाच्या हातात द्या. कपडे, देवस्थानं, खाण्याच्या जागा, कायद्यानं बंदी असलेल्या वस्तू आणि 'माफ करा', 'धन्यवाद' हे दोन शब्द त्यांच्या भाषेत. बैठकीतला अर्धा तास त्याला द्या. आणि संपादक महोदय, आपल्या पर्यटन पुरवणीत दर आठवड्याला एका देशाच्या चालीरीतींवर एक चौकट छापता आली तर फार बरं होईल.

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी यंदा बालीला निघाले आहेत. त्यांची बैठक येत्या रविवारी आहे. मी त्यांच्यासोबत जाऊन बसणार आहे आणि तोच प्रश्न पुन्हा उभी राहून विचारणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर