डॉक्टरकाका, तुम्ही उठून माइक जवळ केलात

आदरणीय डॉक्टरकाका,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी कार्यक्रम संपल्यावर तुम्हाला गाठायचं म्हणून मी साडी सावरत दारापर्यंत पळत आले, पण तुमचा ट्रक निघून गेला होता. रात्री काकूंचा मेसेज आला की इथल्या, कॅनडातल्या अल्बर्टाच्या हाय रिव्हर गावाकडे एका गोठ्यात गाय अडली होती, म्हणून न जेवताच गेलात. आभार मानायला समोर सापडलाच नाहीत, म्हणून हे पत्र लिहितेय. उघड लिहितेय, कारण हे मला चार माणसांत सांगायचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा एक स्वरतंतू हलेनासा झाला आणि आवाज गेला. बोलणं हळूहळू परत आलं, पण गाणं आलं नाही. काळी चारात, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, सहज गाणारी मी, पंचमाच्या वर जायला लागले की घशातून नुसती हवा यायची. देवापुढची आरतीसुद्धा मी त्या काळात मनातच म्हणत होते.

आणि ज्या व्यासपीठावर मी बारा वर्षं गायले, तिथून मला काय ऐकायला मिळालं? "तुझं जुनं रेकॉर्डिंग आहे ना, ते लावू. तू फक्त ओठ हलव. कुणाला कळणार नाही." हे म्हणणारा माणूस माझ्या गाण्याला पहिल्या रांगेत बसून दाद द्यायचा. मी नाही म्हटलं, तर पुढच्या वर्षी फोनच आला नाही. दुसऱ्या एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खूप गायलीस की गं, आता घराकडे बघ." मी तेव्हा हसले होते. आता सांगते, त्या हात फिरवण्यानं जेवढं लागलं तेवढं ऑपरेशननं लागलं नव्हतं. माझ्यासमोर, मी जिवंत असताना, माझ्या गाण्याचं तेरावं घालून लोक मोकळे झाले होते.

काका, तुम्ही मात्र एकदाही विचारलं नाहीत की आवाज कसा आहे. मार्चातल्या एका रविवारी फोन केलात आणि म्हणालात, "वासरांचा सीझन चालूय. लाँगव्ह्यूकडं चाललोय. घरात बसून काय करतीस? जाड जॅकेट घाल, बाहेर ये." बस, एवढंच.

तो बावीस नंबरचा हायवे मी आधीही पाहिला होता, पण पाहुण्यांना डोंगर दाखवायला न्यावं तसा. डाव्या हाताला पिवळं पडलेलं गवत, त्यात काळ्या गाई, उजवीकडे रॉकीजची पांढरी भिंत. चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा इथला ऊबदार वारा, सुटला होता, त्यामुळे रस्त्याकडेचा बर्फ एका दुपारीत पाणी होऊन वाहत होता. तुम्ही एक सीडी लावलीत. एक तरुण पुरुष आणि एक बाई गात होती. कामासाठी गाव सोडून अल्बर्टाकडे निघालेल्या माणसाचं गाणं होतं. त्याचा आवाज असा स्वच्छ आणि भरीव, की मी खिडकीची काच वर केली. ते गाणं संपल्यावर तुम्ही दुसरी सीडी घातलीत. त्यात एक म्हातारा गात होता. आवाज पार खरडलेला, खालचा खर्ज गेलेला, वरचं टोक तुटलेलं. जात्यात दाणे सरल्यावर दगडावर दगड घासतो ना, तसा. पण प्रत्येक शब्द कळत होता, आणि गाणारा जराही घाईत नव्हता.

मी विचारलं, "हा कोण?"

तुम्ही म्हणालात, "तोच."

तुमच्या त्या एका शब्दावर मी किती रात्री जागले असेन, तुम्हाला कल्पना नाही.

त्या गायकाचं, इयन टायसनचं, नाव तोवर मी ऐकलं होतं ते इथल्या रेडिओवर, कानाआड. त्या दिवशी तुम्ही गाडी चालवता चालवता तुकड्या-तुकड्यांत सांगितलंत, उरलेलं मी घरी येऊन शोधून शोधून वाचलं. १९३३चा जन्म, व्हँकूवर बेटावरचं बालपण, बापाच्या लहानशा शेतावर घोड्यावर बसायला शिकलेला पोरगा. तरुणपणी रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांत, उतरला, घोड्यानं फेकलं, पाय मोडला, आणि त्या दुखण्यात पडल्या पडल्या गिटार हातात घेतली. म्हणजे त्याच्या गाण्याची सुरुवातच मुळी एका मोडण्यातून झाली. पुढे सिल्व्हिया या गायिकेबरोबर जोडी जमली, न्यूयॉर्कपर्यंत नाव झालं, साठच्या दशकातल्या त्या सगळ्या लोकसंगीताच्या लाटेत हे दोघं पुढच्या फळीत होते. गाव सोडणाऱ्या माणसाचं ते गाणं हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी. २००५ मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओच्या श्रोत्यांनी तेच कॅनडाचं सर्वांत मोठं गाणं म्हणून निवडलं.

पण मला त्याच्या यशापेक्षा त्याचं परत फिरणं भावलं. जोडी फुटली, टीव्हीवरचा कार्यक्रम संपला, आणि हा माणूस दक्षिण अल्बर्टात गुरांकडे, घोड्यांकडे निघून आला. नील यंग या गायकानं त्याचं ते जुनं गाणं गायलं, त्याचे पैसे आले आणि त्यातून त्यानं रँचची जमीन घेतली. गाण्यानं रान घेऊन दिलं! माझ्या माणदेशातल्या आज्याला हे सांगितलं असतं तर तो चिलीम बाजूला ठेवून म्हणाला असता, "मग त्या गाण्याला बेंदराला पुरणपोळी घाल."

आणि मग त्या रानानं त्याला पुन्हा गाणी दिली. ऐंशीच्या दशकात तो कुंपणं, शिंगरं, वारा, दुष्काळ, सोडून गेलेल्या बायका, विकल्या गेलेल्या रँच यांवर लिहू लागला. अमेरिकेत नेवाडातल्या एल्को गावी १९८५पासून गुराख्यांच्या कवितांचा मेळा भरतो, तिथे वर्षानुवर्षं गात राहिला. समोर बसलेले लोक म्हणजे हाताला दोरखंडाचे घट्टे पडलेले. तुम्ही म्हणालात, "गाईच्या पोटात हात घातलेल्या माणसाला यातलं एक अक्षर खोटं वाटत नाही." जनावरांचे डॉक्टर असं म्हणतात, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्या गाण्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही.

मग २००६. ओंटारिओत उघड्या मैदानावरचा मोठा कार्यक्रम, साउंड सिस्टिम वाईट. तो तिच्याशी झगडत, ताणून गायला आणि आवाज फाटला. पुढच्या वर्षी विषाणूचं आजारपण आलं आणि उरलासुरलाही गेला. वय सत्तरीपार. कुणीही म्हटलं असतं, पुष्कळ झालं. कदाचित त्याच्याही पाठीवरून कुणी हात फिरवला असेल. त्यानं २००८ मध्ये त्या फाटक्या आवाजातच नवा अल्बम काढला. तुम्ही लावलेली दुसरी सीडी ती. जुना आवाज नाही म्हणून तो रडत बसला नाही, आणि नव्या आवाजाला जुन्याचे कपडेही घातले नाहीत. उरलं होतं तेवढ्यात बसेल असं गायला. २०२२च्या डिसेंबरात, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो आपल्या रँचवरच गेला.

त्या दिवशी त्या गोठ्यात तुम्ही गुडघ्यावर बसून वासराच्या पायांना साखळी लावलीत, मालकीण बाईंनी न बोलता स्वतःचे कोरडे हातमोजे काढून माझ्या हातात दिले, आणि वासरू बाहेर आल्यावर तुम्ही मला पेंढ्याची मूठ देऊन म्हणालात, "चोळ. जोरात चोळ." मी चोळत राहिले. ओलं, वाफाळणारं ते अंग माझ्या हाताखाली थरथरलं आणि त्यातून एक घोगरा, अर्धवट हंबरडा निघाला. मला तेव्हा आजीचा गोठा आठवला. खिलार गाय व्याली की आजी तिच्या मानेखाली खाजवत अगदी खालच्या पट्टीत काहीतरी गुणगुणायची. जात्यावर बसली की तीच पट्टी. मोठ्या आवाजात गाताना मी तिला कधी ऐकलंच नाही. आणि इतकी वर्षं मी व्यासपीठावर भावगीतं गायले, नाट्यगीतं गायले, पण जिच्या मांडीवर गाणं ऐकलं तिच्या ओव्या एकदाही गायले नाही. त्या ओव्यांना पंचमाच्या वर जावंच लागत नाही, काका. हे मला एका वासरानं सांगितलं असं म्हटलं तर लोक हसतील, पण झालं तसंच.

वर्षभर मी पांढरी तीनमध्ये, खालच्या पट्टीत, दार लावून, त्या ओव्या घोटल्या. शनिवारच्या कार्यक्रमात एक नाव ऐनवेळी गळलं म्हणून मला दहा मिनिटं मिळाली. हेही मी विसरलेले नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते.

मी गादीवर बसले. आधीचा मुलगा उभा राहून गायला होता, त्यामुळे माइक माझ्या डोक्याच्या वर. हार्मोनियम आणि तबल्याचे आवाज त्याच्याच हिशेबाने चढवलेले. मी पहिली ओळ घेतली आणि ती मलाच ऐकू आली नाही. दुसरी ताणून घेतली, घशात तीच ओळखीची कळ उठली. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. संयोजक भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर "आम्ही म्हटलंच होतं" एवढंच लिहिलेलं.

तुम्ही चौथ्या रांगेतून उठलात. हळूच, कुणाला वाटावं फोन आलाय. साउंडच्या टेबलापाशी जाऊन त्या मुलाच्या कानात काहीतरी बोललात, त्यानं दोन बटणं खाली ओढली. मग तुम्ही स्टेजवर आलात, माझ्यासमोर गुडघा टेकलात, अगदी त्या गोठ्यात टेकला होतात तसा, आणि स्टँडचा स्क्रू सैल करून माइक माझ्या ओठांपासून दोन बोटांवर आणलात. मला तुमचा हात दिसला. थंडीनं आणि सारख्या धुण्यानं भेगाळलेला, नखाच्या कडेला आयोडीनचा पिवळा डाग. स्क्रू घट्ट केलात. "होईल" नाही म्हणालात, "घाबरू नकोस" नाही म्हणालात, माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. उठलात आणि जाऊन जागेवर बसलात.

मला ताणावं लागलं नाही. जेवढा आवाज आहे तेवढाच पुरला. आजीची ओवी तिच्याच पट्टीत, तिच्याच घोगरेपणानं त्या हॉलमध्ये गेली. तिसऱ्या ओवीला मागच्या बाजूला बसलेल्या एका आजींचा हात आपोआप गोल फिरायला लागला, मांडीसमोर जातं असल्यासारखा. कुजबुज केव्हा थांबली ते मला कळलं नाही.

त्या म्हाताऱ्या गायकासाठी त्या मैदानात कुणी तुमच्यासारखं उठलं असतं तर? हा विचार शनिवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. हजारो माणसं होती तिथे. ऐकू येत नाही हे सगळ्यांना कळलं असणार.

चांगुलपणा म्हटला की आपल्याकडे लगेच हार, नारळ आणि भाषण येतं. मी आता इतकं जाणते की ज्यांनी मला खरं सावरलं त्यातल्या एकानंही भाषण केलं नाही. त्या रँचवरच्या बाईंना माझं नावही ठाऊक नव्हतं, पण त्यांची स्वतःची बोटं लाल पडलेली असताना हातमोजे माझ्या हातात होते. साउंडच्या टेबलावरच्या त्या कॉलेजच्या पोरानं "काका, तुम्हाला काय कळतं" म्हटलं नाही, बटणं खाली ओढली. त्याचेही मी आभार मानते. आणि काकूंचे, ज्यांनी दर मार्चात तुमची जेवणं थंड होताना पाहिली आणि शनिवारीही पाहिली.

सोमवारी त्याच संयोजकांचा फोन आला. "दिवाळीला अर्धा तास घे, ओव्याच गा." मी हो म्हटलं, पण एका अटीवर: माइक आणि साउंड कसा लावायचा ते मी आधी येऊन ठरवणार. अशी अट घालायचं बळ माझ्यात कुठून आलं ते तुम्हाला सांगायला नको.

हाय रिव्हरची गाय सुटली का? काकूंनी वासराचं काहीच लिहिलं नाही. पुढच्या खेपेला लाँगव्ह्यूकडे निघालात की आदल्या रात्री फोन करा. बाजरीची भाकरी आणि ठेचा मी बांधून आणते, दोन्ही सीड्या माझ्याकडेच आहेत.

तुमची,
ओव्या गाणारी