आबा, इथला एक पक्षी तुमच्यासारखाच चालतो

नैरोबी, १४ जुलै

ती. आबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे लिहूनच पाठवते.

रविवारी इथल्या नॅशनल पार्कात गेले होते. शहराला अगदी चिकटून आहे ते. मागे उंच इमारती दिसतात आणि पुढे नुसता गवताळ माळ. सगळे सिंह शोधत होते. मला मात्र गाडीपासून पंचवीस-तीस पावलांवर सेक्रेटरी बर्ड दिसला. ड्रायव्हर त्याला ‘करानी’ म्हणाला. स्वाहिलीत करानी म्हणजे कारकून. डोक्यामागे लांब काळी पिसं, जशी कानामागे बोरू खोवलेली. तोंड शेंदरी, अंग करडं, गुडघ्यापर्यंत काळी विजार घातल्यासारखी पिसं आणि खाली काटकुळे पाय. उंची दादाच्या धाकट्याएवढी, चांगली सव्वा मीटर.

आहे शिकारी पक्षी, पण शिकार करतो पायी. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सहज चालतो म्हणे. चालता चालता गवतावर पाय आपटतो, की आतलं काहीतरी हलावं. आबा, तुम्ही बांधावरून जाताना काठी आपटता ना, तसंच! तुम्ही साप दूर जावा म्हणून आपटता, हा तो बाहेर यावा म्हणून.

आणि आलाच. हातभर लांबीचा, मातकट रंगाचा. पक्ष्याने पंख उघडले आणि डोक्यावर लाथ घातली. मग दुसरी, तिसरी. चोच लावलीच नाही. साप निपचित पडल्यावर सबंध गिळला. माझे हात गार पडले होते.

घरी येऊन वाचलं. इंग्लंडमध्ये असा एक पाळीव पक्षी रबरी सापाला लाथ मारताना मोजमाप केलंय. जोर स्वतःच्या वजनाच्या पाचपट, आणि पाय टेकतो तो सेकंदाचा जेमतेम पासष्टावा भाग. एकदा लाथ सुटली की मध्येच दिशा बदलायला सवडच नाही, नेम आधीच धरलेला लागतो. नाही तर तोच साप उलटून चावायचा. एरवी टोळ, उंदीर, सरडे हेच त्याचं रोजचं जेवण. साप कधीमधी.

२०२० पासून हा पक्षी धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. माळ नांगरले जातायत, कुंपणं पडतायत, विजेच्या तारा येतायत. पार्काच्या दक्षिणेला तर प्लॉट पाडायचं काम चालूच आहे. मला आपलं नान्नज आठवलं. माळढोक बघायला तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून नेलं होतंत. दोन दिसले होते, मी एकालाच हात केला म्हणून तुम्ही हसला होतात. दादाच्या पोरांना तिथे काय दाखवायचं, सांगा.

पाऊस कसा आहे? तूर पेरून झाली का? रात्री मोटर चालू करायला जाताना बूट घाला आणि बॅटरी घ्या, काठी तर घ्याच. आईला नमस्कार.

तुमची,
सुमन