स्कॅनचा अहवाल आधी, खुलासा नऊ दिवसांनी

महोदय,

मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहणारा ७१ वर्षांचा निवृत्त विज्ञान शिक्षक असून, हाडांपर्यंत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर गेल्या वैशाखापासून उपचार घेत आहे. पुरुषी संप्रेरक रोखले की हा रोग आवरता येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि पुढे १९६६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच तत्त्वावरचे इंजेक्शन मला दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते, शिवाय रोज उपाशीपोटी गोळ्या आहेतच. उपचारांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती स्कॅनचा निकाल रुग्णाच्या हाती ज्या रीतीने पडतो त्या रीतीबद्दल.

उपचार सुरू झाल्यानंतरचा पहिला बोन स्कॅन झाला, त्याचा अहवाल चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मी माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) सुपारीचा घोस बांधत स्टुलावर उभा असताना, मोबाइलवर आला. सून मोठ्याने वाचू लागली आणि 'न्यू लिझन्स' या शब्दांपाशी थांबली. बरगड्यांत दोन आणि कमरेच्या मणक्यात एक, असे तीन नवे डाग होते. रुग्णालयात फोन केला, तर ओपीडीचा पुढचा दिवस नऊ दिवसांनंतरचा, आणि अहवालाविषयी फोनवर काही सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. सौभाग्यवतींना आम्ही काही सांगितले नव्हते. त्यांनी ते आरतीच्या वेळीच ओळखले.

नऊ दिवसांनी डॉक्टरांनी जे सांगितले, त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. औषध लागू पडून हाड भरून येऊ लागले की त्या जागी नवे हाड तयार होते व ते स्कॅनसाठी टोचलेले किरणोत्सारी द्रव्य अधिक शोषून घेते. त्यामुळे पूर्वी न दिसलेल्या जागाही पहिल्या काही महिन्यांत उजळून दिसू शकतात. म्हणूनच पहिल्या स्कॅनमधल्या नव्या डागांवरून रोग वाढला असे न ठरवता पुढच्या स्कॅनमध्ये आणखी नवे डाग येतात का, हे पाहतात. माझा पीएसए (या रोगाचा माग ठेवण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) याच काळात २१२ वरून १८ वर उतरला होता व पाठीचे दुखणेही कमी झाले होते. अर्थात डाग भरून येण्याचेच आहेत, अशी हमी त्यांनी दिली नाही, आणि मला ते आवडले.

अहवाल रोखून ठेवावा असे मी मुळीच म्हणत नाही, तो रुग्णाचाच आहे. मात्र कर्करोगाच्या स्कॅनची तारीख देतानाच निकालानंतर दोन-तीन दिवसांत भेटीची वेळ नेमून द्यावी, आणि मध्ये सुट्ट्या आल्या तर प्रशिक्षित परिचारिकेने मराठीत किंवा कोकणीत फोनवर प्राथमिक खुलासा करावा, एवढे राज्यातील रुग्णालयांना अशक्य नसावे. मला निदान इंग्रजी वाचता येते. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या बागायतदाराने त्या कागदाचे काय करायचे?

माझा पुढचा स्कॅन येत्या पंधरवड्यात आहे. डॉक्टरांच्या भेटीची वेळ या खेपेस मी आधीच मागून घेतली असून, तोवर मोबाइल सुनेकडे राहील.

– एक निवृत्त शिक्षक, फोंडा