बाई, माझे तास तुम्ही घेतलेत म्हणून

प्रिय बाई,

सा. न. वि. वि.

1 मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटून झाली आणि मग हॉलमध्ये तुमचा निरोप समारंभ झाला. मला बोलायला उभं केलं होतं. तोंडातून ‘बाई’ एवढंच निघालं आणि पुढचं काही सुचेना. दोन वाक्यं कशीबशी बोलून मी खाली बसले. राहिलेलं आता लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता यावं असं लिहिते आहे. बदली तासांच्या रजिस्टरात वर्षभर माझ्या नावापुढे तुमची सही आहे. त्या सहीमागे काय होतं ते रजिस्टर उघडून कुणाला कळणार नाही.

जूनमधली गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. ऑफिसातल्या ताईचं केळवण आपण शिक्षक खोलीत केलं. तुम्ही घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या. सगळ्या लग्नाला जायचे बेत करत होत्या आणि मी गप्प होते. डबे धुताना तुम्ही नळापाशी मला एकटीला गाठून विचारलंत, “तुझं काय बिनसलंय?” मग मी सांगितलं. बी.एड.ला आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. त्यातल्या एकीचं तीन वर्षांपूर्वी साताऱ्याला लग्न झालं. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते, परीक्षा चालू होत्या आणि रजा मिळाली नाही. तिच्या मुहूर्ताच्या वेळी मी आठवीच्या वर्गात सुपरविजन करत होते. घड्याळाकडे बघत मनातल्या मनात मंगलाष्टका म्हटल्या. त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही. मलाही पुन्हा पुन्हा करायचा धीर झाला नाही. आणि आता उरलेल्या दोघींची, शिवाय शाळेपासूनच्या एका मैत्रिणीची, अशी तीन लग्नं याच वर्षात होती. तिन्ही मुंबईबाहेर.

तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, “या वर्षी एकही लग्न चुकवायचं नाही. तासांचं मी बघते.” तुमच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर तुम्ही तिन्ही तारखा लिहून घेतल्यात. मला वाटलं, मोठ्या माणसाने धीर द्यायला म्हटलंय. तुम्ही खरंच लिहून ठेवलं होतं.

लग्नांच्या आधी पाऊस आला. 8 जुलैची पहाट मुंबईत कोण विसरेल! सहा तासांत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, रुळांवर पाणी आलं. मी डोंबिवलीहून निघालेली, ठाण्याच्या अलीकडे गाडीत अडकलेली. सुट्टी जाहीर होईपर्यंत परळ-लालबागच्या चाळींतली काही मुलं शाळेत पोचलीही होती, त्यात माझ्या सातवी ब ची सहा जणं होती. तुम्ही गुडघाभर पाण्यातून चालत आलात, त्यांच्या पालकांना फोन लावलेत आणि शेवटचं मूल घरी जाईपर्यंत बसून राहिलात. मला संध्याकाळी तुमचा फोन आला तो एवढाच: “सगळी पोचली. तू पोचलीस का?”

नोव्हेंबरात पहिलं लग्न, रत्नागिरीला. विधानसभेचं मतदान 20 तारखेला होतं आणि मला निवडणुकीचं काम लागलं होतं. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी मतदान, मग यंत्रं जमा करायची रांग. घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायची होती आणि माझ्या डोळ्यांवर झापड होती. जावं की नाही अशा विचारात होते. तुम्ही शुक्रवारी मधल्या सुट्टीत माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं दिलंत. आत क्रोशाचं तोरण होतं, पांढरं, मध्ये मध्ये लाल फुलं. “रुखवतात मांड. आणि गाडीत झोप, पण रत्नागिरीच्या आधी जागी हो. पोरांना करबुड्याचा बोगदा सांगशील.”

मी जागी झाले, बाई. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. पहाटेच्या काळोखातून गाडी आणखी दाट काळोखात शिरली. तो घुमणारा आवाज मी फोनवर टिपून घेतला. सोमवारी मुलांना डोळे मिटायला लावून तो ऐकवला आणि विचारलं, गाडी सहा मिनिटांत पलीकडे गेली, तर तिचा ताशी वेग किती? तुम्ही शनिवारी माझ्या तासाला त्यांच्याकडून आधीच ‘बोगद्यातून जाताना’ असे आठ-दहा ओळींचे निबंध लिहून घेतले होते. एकाने लिहिलं होतं, ‘बोगद्यात खिडकीच्या काचेत आपणच दिसतो.’ त्या वाक्याखाली तुम्ही लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या.

डिसेंबरातलं मेहकरचं लग्न गडबडीतच झालं. देवगिरी एक्सप्रेसने जालना, तिथून एसटी. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोणार पाहून आले. उल्का आदळून बसाल्टमध्ये तयार झालेलं ते विवर, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद, आजवर फळ्यावर खडूने काढत आले होते. काठावर उभी राहिले तेव्हा कळलं की मी ते नेहमी फार लहान काढायचे. तुम्ही बजावलं होतंत, “तिथला दगड उचलून आणू नकोस, पोरांना दाखवायला म्हणूनही नाही.” नाही आणला. परत आल्यावर सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं आणि हे मैदान किती वेळा मावेल ते पावलांनी मोजायला लावलं.

आता कोल्हापूरचं सांगते. या पत्राचं खरं कारण तेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी तुमच्याशी सहज बोलताना म्हटलं होतं की मैत्रिणीचं लग्न 2 फेब्रुवारीला आहे, नेमकं अंबाबाईच्या किरणोत्सवात. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात जातात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर वर सरकत मुखापर्यंत. नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. तुम्ही मराठी शिकवता. तुम्ही विचारलंत, “या दोनच वेळा का?” मी म्हटलं, 21 डिसेंबरपर्यंत सूर्य दक्षिणेला सरकत जातो आणि तिथून परत फिरतो. जाताना आणि येताना तो एकाच जागी मावळतो. दोन्ही बाजूंना साधारण सारखेच दिवस.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. 10 नोव्हेंबरला, सुट्टीत, तुम्ही चाळीच्या गच्चीवर मीटरपट्टी उभी केलीत. दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी खडूची खूण करून सगळ्यात आखूड सावली मोजलीत: 73 सेंटिमीटर. शाळा उघडल्यावर तो कागद तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलात. नातवाने ओळंबा धरला होता, हेही त्यावर लिहिलं होतं. मग सातवी ब ने पट्टी मैदानावर आणली. 21 डिसेंबरला सावली 91 सेंटिमीटर भरली. आता ती पुन्हा 73 कधी होते, यावर मुलांच्या पैजा लागल्या.

1 फेब्रुवारी शनिवार होता आणि मी कोल्हापुरात होते. शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. तरी वीस मुलं थांबली आणि त्यांच्यासाठी तुम्ही थांबलात, त्या उन्हात, गुडघ्यांची तक्रार असताना. इकडे मांडवात हळद चालली होती. माझे दोन्ही हात पिवळे होते. फोन वाजला, करंगळीने उघडला. तुमचा निरोप होता. दोनच आकडे: 73.

मी तिथेच उभी राहून रडले, बाई. हळदीत रडायला सगळ्यांना कारण असतं, म्हणून कुणी विचारलं नाही. एकीने मात्र विचारलं. साताऱ्याच्या लग्नाची ती माझी मैत्रीण, कडेवर दीड वर्षाची मुलगी घेऊन आली होती. सकाळपासून आम्ही एकमेकींना टाळत होतो. तिने फोनमधले ते दोन आकडे पाहिले आणि म्हणाली, “हे काय आहे?” तिला सगळं सांगावं लागलं. सावलीचं सांगितलं, तुमच्याबद्दल सांगितलं, आणि ते सांगता सांगता आठवीचं ते सुपरविजनही सांगितलं. घड्याळ बघत मनात म्हटलेल्या मंगलाष्टका सांगितल्या. ती ऐकत राहिली. मग तिने मुलगी माझ्याकडे दिली. पोरीच्या गालाला हळद लागली.

संध्याकाळी आम्ही दोघी महाद्वार रोडवर गेलो. देवळात शिरायला जागाच नव्हती. किरण मूर्तीवर कुठवर पोचले ते मला दिसलं नाही. देवळाकडे पाठ करून आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिलो आणि रस्त्याच्या टोकाला उतरणारा सूर्य बघितला. तिची मुलगी माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.

सोमवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरून शाळेत येईपर्यंत माझे पहिले दोन तास तुम्ही घेतले होते. फळ्यावर तुमच्या अक्षरात तिन्ही आकडे होते, 73, 91, 73, आणि खाली मुलांनी सूर्य काढला होता. मी तो फळा दिवसभर पुसू दिला नाही.

या सगळ्याची परतफेड म्हणून मला एकच तास आठवतो. 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, घटस्थापनेचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे येऊन म्हणालात, “आज तुझा भूगोलाचा तास मला देशील का? मुलांशी बोलायचंय.” एकतीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही कुणाकडे मागितलेला पहिलाच तास, असं नंतर तुम्हीच म्हणालात. मी मागच्या बाकावर बसून ऐकला. मी तुम्हाला दिलेला तो एक आणि तुम्ही माझे घेतलेले, रजिस्टरातून काल मोजले, सतरा.

शिक्षकाला रजा मागताना चोरी केल्यासारखं वाटतं. किरकोळ रजा जपून जपून वापरायच्या, आणि त्यातही आपल्या वर्गावर कोण जाईल, त्याची कुरकुर होईल का, हा विचार आधी येतो. या वर्षी मला तो एकदाही आला नाही. मी गेले, नाचले, पंगतीत वाढलं, करवली म्हणून मिरवले. आणि परत आले तेव्हा माझी मुलं माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे होती.

तुम्ही तिघींसाठी दिलेली तिन्ही तोरणं जिथे तिथे दारांवर लागली आहेत. रत्नागिरीची मैत्रीण तिचं तोरण पावसाळ्यात काढून ठेवणार म्हणाली, रंग जाऊ नये म्हणून. साताऱ्याची मैत्रीण शाळा उघडायच्या आधी चार दिवस माझ्याकडे राहायला येते आहे. तिला तुम्हाला भेटायचंच आहे. शनिवारी सकाळी आलो तर चालेल का ते कळवा. मुलगी आता पळते, तेव्हा गॅलरीचं दार लावून ठेवा. पट्टी घेऊन येऊ का? मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या डोक्यावर येऊन गेला. पुन्हा येईल 28 जुलैच्या सुमारास. गच्ची तुमचीच.

तुमची,
भूगोलाची