तहकुबीचे खरे कारण रोजनाम्यात येऊ द्या

महोदय,

संविधान दिनानिमित्त आपल्या अंकात कच्च्या कैद्यांविषयी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांविषयी, जे लिहून आले, ते वाचताना राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या दोन भाषणांची आठवण झाली. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात त्यांनी लिहून आणलेले इंग्रजी भाषण बाजूला ठेवले आणि तुरुंगात खितपत पडलेली ही माणसे आहेत तरी कोण, असे हिंदीतून सरन्यायाधीश व कायदामंत्री यांच्यासमोरच विचारले. पुढे १ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायपालिकेच्या राष्ट्रीय परिषदेत, तारखांवर तारखा देण्याची, म्हणजे तहकुबीची, पद्धत बदलण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न झाले पाहिजेत, असे त्यांनी सांगितले.

पहिल्या भाषणाने काम हलले. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाचे न्या. संजय किशन कौल आणि आपल्या महाराष्ट्राचे न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने, जामीन मंजूर होऊनही सुटका न झालेल्या कैद्यांची माहिती मागवली. ३१ जानेवारी २०२३ रोजी त्यावर सविस्तर निर्देश निघाले आणि त्याच वर्षी जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी केंद्राने ४० हजार रुपयांपर्यंतच्या मदतीची योजना आणली. २०२२ अखेर देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, हे पाहता ही पावले किती गरजेची होती हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या भाषणाचे मात्र तसे झालेले दिसत नाही. मी तालुका आणि जिल्हा न्यायालयांत ३१ वर्षे नोकरी केली. ‘वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.’ ही ओळ मी स्वतःच्या हाताने किती रोजनाम्यांत (खटल्याच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहिली असेल, याची गणती नाही. अर्जात कारण आजारपणाचे असे आणि तेच वकीलसाहेब शेजारच्या कोर्टात युक्तिवाद करताना मला दारातून दिसत. एका खटल्यात साक्षीला आलेल्या आजीबाई पहाटेच्या एसटीने वाडीवरून येत, मजुरी बुडवून दिवसभर व्हरांड्यात बसत आणि पाचच्या सुमारास शिपाई त्यांना पुढची तारीख सांगे. चौथ्या खेपेला त्यांनी मला विचारले, ‘भाऊ, माझं काही चुकतंय का?’ मला उत्तर देता आले नाही.

येथे कायदा कमी पडतो असे म्हणता येणार नाही. दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, अशी दुरुस्ती १ जुलै २००२ पासून लागू आहे. फौजदारी कामकाजाचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ नेही फौजदारी खटल्यात, पक्षकाराच्या हाताबाहेरची परिस्थिती असेल तरच आणि कारणे लेखी नोंदवून, दोनपेक्षा अधिक तहकुबी नाहीत अशी मर्यादा घातली आहे. पण लिहिलेले कारणच खरे नसेल तर ही मर्यादा कोणाला आणि कशी अडवणार? सार्वजनिक जीवनातील सचोटी म्हटले की आपण मंत्र्यांकडे आणि अधिकाऱ्यांकडे बोट दाखवतो. कागदावर खोटे कारण लिहिणे आणि ते खोटे आहे हे ठाऊक असूनही मान्य करणे, हाही त्याच सचोटीचा भंग आहे आणि त्यात माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या गप्प राहण्याचाही वाटा आहे.

सगळा दोष वकिलांवर टाकणे अन्यायाचे होईल. एका दिवसाच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) सत्तर-ऐंशी प्रकरणे, लघुलेखकाची जागा रिकामी आणि न्यायाधीश साहेबांकडे दुसऱ्या कोर्टाचा अतिरिक्त कार्यभार, हेही मी पाहिले आहे. ते कारण असेल तर तेच लिहावे, म्हणजे रिकाम्या जागांचा जाब सरकारला विचारता येईल.

म्हणून उच्च न्यायालयाला नम्र विनंती आहे की, प्रत्येक तहकुबी कोणी मागितली आणि कोणत्या कारणाने दिली, हे खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक तारखेपुढे पक्षकाराला वाचता येईल अशा मराठीत नोंदवावे. साक्षीदार हजर असताना तहकुबी द्यावी लागली, तर ती मागणाऱ्याकडून साक्षीदाराची मजुरी आणि एसटीचे भाडे त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, साक्षीदाराच्या हातात मिळावे.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी