नाथसागरावर बोट हवीच, पण आधी माणसं मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं माहेर शेवगाव तालुक्यातलं, सासर पैठण तालुक्यातलं, मध्ये नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. रात्री ओट्यावरून माहेरच्या बाजूचे दिवे दिसतात. पण जायचं म्हटलं तर पैठणवरून नाहीतर कायगाव टोक्याच्या पुलावरून वळसा. 1976 साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. त्याच्या पाण्यात शंभराहून अधिक गावं गेली आणि सोयरेधायरे दोन काठांना वाटले गेले.

म्हणून प्रवासी बोटीच्या मागणीच्या निवेदनावर मीही सही केली आहे. मात्र त्यातला 'हजारो नागरिकांची सोय' हा शब्दप्रयोग मला पटत नाही. हजारो माणसं नाथषष्ठीला येतात. बोट वर्षभर चालवायची तर ती रोजच्या माणसांवर चालेल, आणि ती किती आहेत हे आम्ही कधी मोजलेलंच नाही. बाजाराच्या दिवशी काठावर गर्दी असते. एरवी सकाळी दोन किटल्या घेऊन दूधवाला, दवाखान्याला निघालेली एखादी म्हातारी, कुणी लग्नाची पत्रिका द्यायला निघालेला. धरा, वीस माणसांची बोट, तिकीट तीस रुपये. भरली तर खेपेला 600, सहाच जण आले तर 180. त्यातूनच डिझेल, नावाड्याचा पगार, विमा, दुरुस्ती. शिवाय पलीकडे उतरल्यावर गावात कशानं जायचं? बोटीत मोटारसायकल चढत नसेल तर तरुण पोरं वळसा घालूनच जातील.

खरी अडचण पाण्याची. धरण समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर भरतं तेव्हा पाणी उसाला टेकतं. उन्हाळ्यात तेच इतकं मागं सरतं की काठावर गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, होते. 2016 आणि 2019 साली तर मृतसाठ्यातून पाणी घ्यायची वेळ आली. सिमेंटचा पक्का धक्का बांधला तर अशा वर्षी तो कोरड्यात उभा राहील. पाण्याबरोबर सरकवता येणारा तरंगता धक्काच हवा, त्याचा खर्च निवेदनात कुठंच नाही. हे पक्षी अभयारण्यही आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागणार.

आणि वारा. 21 मे 2024 ला उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून वैशाखात आभाळ भरून आलं की मला त्या घरांची आठवण होते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही बोटीत घेऊ नये आणि वाऱ्याच्या दिवशी बोट बंद ठेवावी, मग कुणी कितीही भांडो.

कोयनेच्या शिवसागरावर बामणोली-तापोळ्याकडे सातारा जिल्हा परिषदेच्या लाँच चालतात. आपल्याकडे दोन काठ दोन जिल्ह्यांत. तूट कोणी किती सोसायची हे दोन्ही जिल्हा परिषदांनी आधी कागदावर ठरवावं. ग्रामपंचायतीला ते झेपणारं नाही.

त्याआधी दोन्ही काठांवर जूनपासून वर्षभर वही ठेवू. कोण आलं, कुठं निघालं, कशासाठी, बोट असती तर किती पैसे दिले असते, एवढंच लिहायचं. आमच्या काठावरची वही मी सांभाळते. पलीकडची सांभाळायला माहेरच्या गावातल्या कुणी पुढं यावं, म्हणून हे पत्र.

आपली,
एक वाचक, ता. पैठण