पितळ लखलखीत करण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दारांच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या, नळ, सगळं जुनं पितळ घासून लखलखीत करायचं म्हणतोस. माझं ऐक, पॉलिशची डबी अजून उघडू नकोस. तो काळपट तपकिरी रंग मळ नव्हे. हवा, ओलावा आणि हातांचा घाम यांनी वर्षानुवर्षं मुरत मुरत धरलेला तो थर आहे. पॉलिशने तो काही मिनिटांत जातो आणि पुन्हा तसाच धरायला वर्षं जातात. मला तर त्या सामानाचं सगळं सौंदर्य त्यातच दिसतं.

आधी वस्तू कशाची आहे ते बघ. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. नाही चिकटलं तरी निर्धास्त होऊ नकोस, जस्ताच्या ओतीव वस्तूलाही चुंबक लागत नाही. मूठ सोडवून मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला सुईने बारीकसा ओरखडा काढ. पिवळं दिसलं तर पितळ, रुपेरी दिसलं तर मुलामा. मुलाम्याला घासणं वर्ज्यच.

साफसफाईला कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. नक्षीच्या खाचेत हिरवा कळंक साठला असेल तर तो लाकडी काडीने हळूहळू उकर, आणि लगेच कोरडं पूस. लिंबू, व्हिनेगर लावू नकोस. आम्लाने रंग तर उतरतोच, शिवाय ते फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून तांब्याचे गुलाबी डाग उरतात. अमोनियाचं क्लीनर त्याहून वाईट, ताणाखालच्या पितळेला त्याने चक्क तडे जातात. साठवणीतल्या काडतुसांच्या पितळी नळ्या अशाच तडकायच्या. त्यामागे अमोनिया आहे हे 1921 साली स्पष्ट झालं.

काही मुठींवर लॅकर, म्हणजे चमक टिकवायला दिलेला पारदर्शक लेप, असेल. ते कडेने सोलून मधे डाग पडले असतील तर अर्धवट ठेवू नकोस, ॲसिटोनने पूर्ण काढ. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, जवळपास ज्योत नको. मात्र नव्या ‘अँटिक’ सामानात कधी कधी रंगच लॅकरमध्ये असतो, म्हणून आधी कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने करून बघ.

मग मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून काढलेलं, अतिसूक्ष्म स्फटिकांचं मेण) मिळालं तर उत्तम. हेअर ड्रायरने वस्तू जरा कोमट कर, बोटभर कापडाने अगदी पातळ हात दे, थोडं थांब आणि स्वच्छ कापडाने चोळ. जाड थर दिलास तर तो पांढुरका दिसतो आणि धूळ धरतो. रोज हाताळल्या जाणाऱ्या मुठींना काही महिन्यांनी पुन्हा लाव, बिजागऱ्यांना वर्षातून एकदा चालेल. नळांवर मेण फार टिकत नाही. तिथे वापरानंतर कोरडं पुसायची सवयच कामाची, नाहीतर पाण्यातले क्षार बसतात.

मागच्या दाराच्या एका बिजागरीपासून सुरुवात कर आणि मेण लावल्यावर रंग कसा आला ते मला सविस्तर कळव.

तुझाच,
जुना मित्र